वळणावरचं फाटक

बाबा, काल मिस्त्री येऊन जागा बघून गेला. समोरचं फाटक बंद करायचं आणि बाजूच्या पांदणीकडून नवं बसवायचं, असं ठरलंय. सोमवारी काम सुरू. तुम्ही असता तर मिस्त्रीला बसवून चहा पाजला असता, त्याच्या पोरांची शाळा विचारली असती, वरून एखादी वही हातात ठेवली असती आणि "बघू पुढं" म्हणून वाटेला लावलं असतं. भांडायचं नाही, हो म्हणायचं नाही आणि शेवटी आपलंच खरं करायचं, ही तुमची रीत मला पाठ आहे. मी रडायला बसलेले नाही. बांधकाम खात्यात माझं रोजचं कामच हे आहे. कुणाला आपलं घर, कुणाला गोदाम, कुणाला पेट्रोलपंप रस्त्याला जोडायचा असतो. आपण जायचं, आतून निघणाऱ्याला रस्त्यावरचं वाहन वेळेत दिसतंय का ते बघायचं, वाहनवाल्याला हा निघणारा दिसतोय का ते बघायचं, आणि दिसत नसेल तर नाही म्हणायचं. भोकरदनपासून परतूरपर्यंत कितीक लोकांना मी नाही म्हटलंय, काहींनी त्यावरून माझ्या सात पिढ्यांचा उद्धारही केलाय. आपल्याच घराला नाही म्हणायला मात्र एवढी वर्षं गेली.

वाटूर फाट्यावरून परतूरकडे जाणाऱ्या रस्त्याला आपण घर बांधलं तेव्हा मी सातवीत होते, धाकटा अजून शाळेतही जात नव्हता. एक्क्याऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट. रस्ता म्हणजे तरी काय, खडी आणि फुफाटा. दिवसाकाठी दोन-चार बस, बाकी बैलगाड्या. प्लॉट बरोबर वळणावर. समोर रस्ता आणि डाव्या अंगाला शेतात जाणारी गाडीवाट, पांदण. ज्यांच्याकडून जागा घेतली ते शेतमालक पाया खोदायच्या दिवशी पेढे घेऊन आले. काठीनं जमिनीवर रेघ ओढून म्हणाले, "गुरुजी, फाटक पांदणीकडून ठेवा. सोयीचं पडंल." तुम्ही हसून म्हणालात, "बराबर आहे मालक." त्यांची पाठ फिरली आणि तुम्ही गवंड्याला सांगितलं, "फाटक समोर. दोन खांब, आणि खांब असे की चालत्या बसमधून दिसले पाहिजेत." गवंडी बिचारा एकदा रेघेकडं बघी, एकदा तुमच्याकडं.

मला तेव्हा कळलं नाही. त्या संध्याकाळी तुम्हीच ओट्याच्या दगडावर बसून सांगितलं, पोर बघून सांगतात तसं गोड करून नाही, सरळ. तुमचे वडील, त्यांचे वडील गावात यायचे ते ओढ्याकडून, घरांच्या पाठीमागून. दीक्षा घेतली, आपण बौद्ध झालो, तरी कित्येक वर्षं वाट तीच राहिली. तुम्ही पाटी काखेत मारून शाळेत गेलात तेही त्याच वाटेनं, उकिरड्याच्या कडेनं. "मागच्या वाटेनं लई चाललो, पोरी," तुम्ही म्हणालात. "आता घर माझं, पगार माझा, फाटक रस्त्यावर." मग त्या फाटकाला शोभेल अशी पुरुषभर उंचीची काळ्या दगडाची भिंत घातली, कारण आपल्या घरात कुणी वाकून बघायचं काम नाही. उजव्या खांबाशी पिंपळाचं रोप लावलं. मला पाणी घालायला सांगितलं आणि मी रोज घातलं. झाड जगलं, चांगलं फोफावलं. सगळं झालं, पण फाटकात उभं राहिलं की समोरचं शेत आणि वरचं आभाळ सोडून काही दिसायचं नाही. वळण तर बिलकुल नाही.

ते बघायचं काम आईकडं आलं. कुणी दिलं नाही, तिनंच घेतलं. तुमची शाळेची वेळ झाली आणि स्कूटर ओसरीतून खाली उतरली, की ती पीठ लागलेल्या हातानं फाटकाबाहेर जायची. पदर खोचलेला. रस्त्याच्या कडेला उभं राहून उजवीकडं मान, डावीकडं मान, परत उजवीकडं. काही येत असलं तर पांढरा तळहात तुमच्याकडं करून "थांबा!" आणि मोकळं झालं की "या! जल्दी!" तुम्ही भुर्रकन निघून जायचे आणि ती हात झटकत परत चुलीपाशी. तोवर तव्यावरची भाकरी करपलेली असायची, ती आम्हा दोघांपैकी कुणाच्या तरी ताटात यायची. गावातले लोक थट्टा करायचे, "गुरुजींनी दारात सिग्नल बसवलाय, पिठाचा!" तुम्हीही हसायचे. मला तर वाटायचं, प्रत्येक घरात असंच असतं, आधी आई रस्त्यावर जाते आणि मग बाप निघतो. औरंगाबादला तंत्रनिकेतनात गेले तेव्हा होस्टेलवर हे सहज बोलून गेले आणि पोरी हसून हसून लोळल्या.

तंत्रनिकेतनातल्या दुसऱ्या वर्षी आम्हाला दृश्य अंतर शिकवलं. म्हणजे काय, तर चालवणाऱ्याच्या डोळ्यापासून रस्ता किती लांबवर मोकळा दिसतो ते, आणि तेवढ्या लांबून येणाऱ्या वाहनाला थांबायला जागा उरते का ते. सर फळ्यावर त्रिकोण काढत होते. मला त्या त्रिकोणात आपला उजवा खांब दिसत होता. दिवाळीच्या सुट्टीत आले ते डोक्यात हेच घेऊन. तोवर रस्ता डांबरी झाला होता, परतूरच्या जिनिंगला कापूस नेणारे ट्रक सुरू झाले होते आणि आईची जागा कडेवरून सरकत सरकत डांबरावर गेली होती, कारण पिंपळ रुंद झाला तसं तिला वळण दिसायला आणखी एक पाऊल पुढं जावं लागायचं. मी तुम्हाला म्हटलं, "बाबा, एक प्रयोग करू. तुम्ही स्कूटरवर बसून फाटकात थांबा. मी वळणाकडून चालत येते. मी दिसले की हॉर्न वाजवा."

तुम्ही मास्तर, प्रयोग म्हटल्यावर तुमचा चेहराच खुलला. धोतराचा सोगा आवरून बसलात. मी वळणावर गेले आणि चालत आले. चालत आले, चालत आले, पिंपळाला हात लागेल इतकी जवळ आले तेव्हा कुठं हॉर्न वाजला. तुम्ही म्हणालात, "परत कर." परत केलं. हॉर्न तिथंच. मग तुम्ही स्कूटर पुढं घेतली, मी दिसेपर्यंत. पुढचं चाक पूर्ण रस्त्यावर. त्या चाकाकडं तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. "म्हणजे चाक आधी बाहेर जातंय," तुम्ही म्हणालात, "अन् डोळा मागून." मी म्हटलं, "हो, आणि ट्रक चालत येत नाही." तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारली. "शंभरपैकी शंभर." मला वाटलं, जिंकलो. मी लगेच म्हणून टाकलं, की उपाय सोपा आहे, फाटक पांदणीकडून घेऊ, तिथून दोन्ही बाजू लांबवर दिसतात, पांदण रस्त्याला मिळते तिथं वळण संपलेलं असतं.

तुमचा चेहरा असा मिटला की मला माझ्याच तोंडाचं आश्चर्य वाटलं. "गणित बराबर आहे," तुम्ही म्हणालात. "उत्तर मला मंजूर न्हाई." मी वाद घातला. कशाला घातला असेल तो घातला, वय तसं होतं. म्हटलं, जुनी गोष्ट धरून बसलात, आता कोण बघतं, कोण विचारतं. तुम्ही स्कूटर आत घेतली, स्टँडला लावली आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "तुला शिकवलं ते मला मागच्या दारानं काढायला न्हाई." जेवायला बसलो. आई मधेच म्हणाली, "भाजीत मीठ बराबर आहे का?" तुम्ही न चाखताच वरून मीठ घेतलंत. मी चिडून होस्टेलवर परत गेले. पुढं बऱ्याच वर्षांनी, एका गोदामवाल्याला मी जागेवर काठीनं रेघ ओढून दाखवत होते, की दादा, फाटक बाजूनं ठेवा, सोयीचं पडेल. आणि बोलता बोलता थांबले. शेतमालकांचं वाक्य. शब्दसुद्धा तेच. ते खरंच सोयीसाठी म्हणाले असतील की आपल्याला पायरी दाखवायला, हे मला आजही सांगता येणार नाही, ते गेले आणि तुम्हीही गेलात. पण तुमच्या कानाला आमच्या दोघांचं एकच ऐकू आलं असणार, एवढं मला त्या दिवशी कळलं. गोदामवाला म्हणाला, "मॅडम, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, ऊन लागलं.

तुम्ही अगदीच काही केलं नाही असं म्हणणार नाही. पुढच्या सुट्टीत आले तर भिंत कमरेइतकी. रविवारी स्वतः घण घेऊन वरचे थर उतरवले म्हणे, शेजारी मदतीला आले त्यांना नको म्हणालात. अंगणातली दोरीवरची धुणी, आईची भांडी, आपली जेवणाची पंगत, सगळं बसमधल्या लोकांना दिसायला लागलं. ज्या भिंतीवरून कुणी वाकून बघू नये म्हणून एवढा खर्च केला, ती तुम्ही खाली आणलीत, पण फाटक एक वीतभर हलवलं नाही. "आता झालं का समाधान, इंजिनेरबाई?" तुम्ही विचारलं. डावीकडचं झालं होतं. उजवीकडं पिंपळ होता, आणि पिंपळाचं नाव काढायची माझी छाती नव्हती. तो तोडायचा नाही, हे माझंही मत होतं आणि अजून आहे. मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला मोजमापाची चामड्याच्या डबीतली लांब टेप आणून दिलीत. देताना म्हणालात, "घे. आपलं घर सोडून बाकी सगळा जिल्हा मोज." मी हसले. रागही आला. दोन्ही एकदम येतं कधीकधी.

मग तुम्ही गेलात. कावीळ झाली, अंगावर काढली, जालन्याच्या दवाखान्यात नेलं तोवर उशीर झालेला. घरी आणलं. गाव लोटलं होतं. कुणीतरी म्हणालं, पांदणीनं नेऊ, मसणवटा तिकडून जवळ पडतो, रस्त्यावर ट्रकचा त्रास नको. माझ्या शास्त्रानं ते बरोबरच होतं. आई आतून आली आणि म्हणाली, "समोरून न्या." आणि माणसांनी तुम्हाला खांद्यावर घ्यायच्या आत ती चालू लागली. बाया तिला धरायला धावल्या, त्यांना वाटलं हिचं भान सुटलं. तिचं भान जाग्यावर होतं. ती फाटकाबाहेर गेली, डांबरावर उभी राहिली, उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं. वळणावरून ट्रक आला, त्याला तळहात दाखवला, तो थांबला. ड्रायव्हरनं डोक्याचं फडकं काढलं. मग ती आमच्याकडं वळून म्हणाली, "या." जल्दी म्हणाली नाही. आम्ही सगळे तुम्हाला घेऊन निघालो.

तुमच्यानंतर ती थांबेल असं वाटलं होतं. कुठलं काय. धाकट्यानं परतूरला बियाण्याचं दुकान टाकलं, मोटारसायकल घेतली, मग चारचाकी घेतली. ती त्याच्यासाठी जायला लागली. तो ओरडायचा, "माय, तू आत जा, मी बघतो ना!" ती म्हणायची, "तुझा डोळा मागं असतो, पोरा." हे कुणाचं वाक्य ते त्याला माहीत नव्हतं, प्रयोगाच्या वेळी तो लहान होता. रस्ता आणखी रुंद झाला, कडेला गटार आलं, पिंपळाचं खोड एका माणसाच्या कवेत मावेना. यंदाच्या हिवाळ्यात कापसाचा ट्रक आला, दोन्ही अंगांनी फुगलेला, आणि ती मागं सरकताना गटारात पडली. उजवा हात मनगटात मोडला. ड्रायव्हर उतरून आधी शिव्या द्यायला लागला, "मावशे, रस्त्यात काय उभी राहती? मरती का मला मारती?" आणि मग त्यानंच तिला उचलून ओट्यावर आणलं, पाणी पाजलं, घाबरून तिथंच बसून राहिला. मी रजा टाकून आले. धाकटा म्हणाला, "ताई, बाबांचं फाटक आहे, मी कसा हात लावू?" मी म्हटलं, मी लावते. मिस्त्रीला निरोप धाडला. चालत येणाऱ्यांसाठी एका माणसापुरती वाट समोर ठेवायची, खांब पाडायचे नाहीत, वाहनं मात्र पांदणीकडून, असं मनाशी धरलं. आईला सांगायचं तेवढं राहिलं होतं आणि त्याची मला धास्ती होती.

काल मिस्त्री गेल्यावर सांगितलं. तिचा हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे भाकऱ्या मी करत होते आणि ती पाटावर बसून नावं ठेवत होती. "इंजिनेरबाई, भाकरी हाय का जिल्ह्याचा नकाशा?" मी तव्याकडं बघतच म्हटलं, "आई, फाटक पांदणीकडं घेतेय. बाबांना आवडलं नसतं, पण तू आता..."

"घे की," ती म्हणाली.

मी वळून बघितलं. "तुला वाईट नाही वाटणार?"

"मला कशाचं वाईट? मला त पहिल्या दिसापासून भेव वाटायचं."

मला आधी वाटलं, पडली त्याबद्दल बोलतेय. मी म्हटलं, "ट्रकचं?" तर म्हणाली, "ट्रकचं न्हाई गं. माझ्या तोंडाचं. थांबा म्हणायच्या जाग्यावर एखाद्या दिशी या म्हणले तर? गुरुजी माझ्या शब्दावर डोळे झाकून निघायचे. ते शाळंतून परत येईपर्यंत मी स्कूटरच्या आवाजाला कान लावून असायचे. रोज." रोज हा शब्द तिनं अगदी सहज उच्चारला. मी पीठ मळायचं थांबले. एवढी वर्षं, बाबा. करपलेली भाकरी आम्ही खात होतो आणि आमची आई जीव मुठीत धरून बसलेली असायची, हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

"मग बोलली का नाहीस त्यांना? एकदा तरी!"

"बोलले असते त त्यांनी फाटक बदललं असतं."

"मग चांगलंच झालं असतं की!"

"काय चांगलं?" ती माझ्यावरच डाफरली. "मालकानं सांगितलं, हसून सोडून देलं. तू सांगितलं, तुझ्याशी भांडले. मी म्हणले असते, मला भेव वाटतंय, त दुसऱ्या दिशी फाटक पांदणीकडं. एका शब्दानं इचारलं नसतं. मला ठावं व्हतं, म्हणून त तोंड उघडलं न्हाई. तेवढी एकच हौस व्हती त्यांची. आता ते न्हाईत, मंग मी कोणासाठी राखू? कर तुला काय करायचं ते. अन् ती भाकरी उलट, जळून राह्यली."

मी भाकरी उलटली. खरं सांगायचं तर मला तुमचा राग होता. तुम्ही गेलात तरी तो गेला नव्हता. दोन खांबांच्या मानापायी या माणसानं बायकोला रोज रस्त्यावर उभं केलं, हे मी मनात धरून होते, आणि दुसऱ्यांच्या फाटकांना नाही म्हणताना थोडं तुम्हालाच म्हणत होते. आता तो राग ठेवायला जागा नाही. तुम्हाला बरोबर माणसानं विचारलंच नव्हतं. तुम्ही नाही म्हणालात ते आम्हाला. तिनं विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता, हे तिला ठाऊक होतं, आणि तुम्हाला ते कधी कळलं नाही. मला हसू आलं आणि मग मी पिठाच्या हातानंच डोळे पुसले. आई म्हणाली, "धूर झालाय का?" मी म्हटलं, हो.

येत्या स्मृतिदिनाला घरचे जमतील, वंदना होईल, चार शब्द बोलायची पाळी यंदा माझी आहे. हे पत्र मी तिथं तुमच्या फोटोसमोर वाचायचं ठरवलं होतं. नाही वाचणार. फाटकाचं आणि तुमच्या स्कूटरचं काहीतरी गमतीचं सांगेन, लोक हसतील, तेवढं पुरे. मेलेल्या माणसाला काही ऐकू जात नाही, आत्मा-बित्मा सगळं थोतांड, हे तुम्हीच शिकवलंत आणि मला ते शंभर टक्के पटलेलं आहे. तरी मोठ्यानं वाचायचा धीर होत नाही. न जाणो, तुम्ही ऐकलंत तर.